अठरा पूर्ण झाल्यावर

बेंगळुरात बसवनगुडीतल्या ज्या विशेष शाळेत मी शिकवते, तिथे मुलांना अठराव्या वर्षापर्यंतच ठेवतात. मी रुजू झाले तेव्हा हे मला सांगितलं गेलं होतं. पण समोर बसलेली मुलं इतकी लहान होती की त्या वाक्याचा अर्थ डोक्यात शिरलाच नाही.

त्यातला एकजण माझ्याकडे आला तेव्हा सहा वर्षांचा होता. ऑटिझम होता, स्वतःहून बोलत नव्हता. कुणी काही विचारलं की विचारलेलंच वाक्य परत म्हणायचा. त्याची आई आमच्यासारखीच, कैक पिढ्या बेंगळुरातच वाढलेल्या मराठी घरातली. नवरा वारलेला, स्वतः बँकेत नोकरीला. पहिल्याच भेटीत तिनं मला विचारलं, "टीचर, हा मला 'आई' म्हणंल की नाही?"

"प्रयत्न करू, अक्का," मी म्हटलं.

'आई' तो कधीच म्हणाला नाही. बाकी मात्र शिकत गेला. शर्टाची बटणं लावणं, स्वतःच्या हाताने जेवणं, संडासला जायचं असेल तर चित्राचं कार्ड आणून देणं. एकेका गोष्टीला कित्येक महिने लागायचे. सगळ्यात जास्त वेळ बसने एकट्याने यायला शिकण्यात गेला. त्याचं घर बनशंकरीला, तिथून शाळेपर्यंत एकच बस. आधी मी त्याच्या शेजारी बसून यायची, मग मागच्या सीटवर, मग नुसतीच शाळेच्या स्टॉपवर उभी राहायची. ज्या दिवशी तो पहिल्यांदा एकटा उतरला आणि चालत शाळेत आला, त्या दिवशी त्याची आई रिक्षाने बसमागोमाग आली होती. फाटकाशी माझा हात धरून ती उभी राहिली.

मग तो अठरा वर्षांचा झाला.

मी मुख्याध्यापिकांकडे गेले. म्हटलं, अजून एक वर्ष ठेवू या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मलाही ठेवायचाय. पण लहान मुलं दाराशी थांबलीयत. त्यांचं शिकायचं वय निघून चाललंय. त्यांना काय सांगू?"

आम्ही दुसरीकडे शोधलं. हेब्बाळजवळ मोठ्या मुलांसाठी एक कार्यशाळा होती, तिथे कागदी पिशव्या करायचे. शेजारच्या खोलीतलं कापायचं यंत्र सुरू झालं की तो कानांवर हात दाबून भिंतीवर डोकं आपटायचा. आठवड्याच्या आत त्यांनी त्याला परत पाठवलं. आणखी एका ठिकाणी बोलणारीच मुलं घेत होते. नंतर विचारायला जागाच उरली नाही.

निरोपाला आम्ही केक कापला, त्याला हार घातला. पुढच्या सोमवारी सकाळी तो नेहमीच्या बसने आला आणि फाटकाशी उभा राहिला. आईनं दप्तर लपवून ठेवलं होतं, म्हणून हातात नुसताच डबा होता.

मी बाहेर गेले. "आज शाळा नाही," मी सांगितलं.

"आज शाळा नाही," तो म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

बाकीची मुलं त्याच्या बाजूने आत जात होती. त्याच्या खुर्चीवर नवीन आलेली एक छोटी मुलगी बसली होती. मुख्याध्यापिका हळूच म्हणाल्या, "आत घेऊ नका. एकदा घेतलंत तर तो रोज येईल." त्यांचं खरं होतं. मी स्वतः हेच शिकले होते आणि पालकांना हेच शिकवत होते. मी फाटक लावलं. थोड्या वेळाने तो स्वतःचं मनगट चावायला लागला. त्याची आई बँकेतून येईपर्यंत मी फाटकाबाहेर त्याचा हात धरून उभी राहिले. तो माझ्याकडे बघत नव्हता, शाळेच्या दाराकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी तो आला. तिसऱ्या दिवशीही आला. मग आईनं नोकरी सोडली आणि घराच्या दाराला, त्याला उघडता येणार नाही असं, कुलूप बसवून घेतलं.

मी रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. दर खेपेला काहीतरी कमी झालेलं दिसायचं. बटणं लावणं गेलं, आई त्याला टी-शर्ट घालायला लागली. जेवण ती भरवायला लागली. शांत राहायला दिलेल्या औषधांनी तो सुजला होता आणि दिवसभर जमिनीवर बसून डोलत राहायचा. आईच्या दंडावर चाव्याचे व्रण होते. ती पदर पुढे ओढून घ्यायची.

एका रविवारी तिनं मला दारातच थांबवलं.

"सांगू का टीचर, राग मानू नका. तुम्ही येऊन गेला की ह्यो बूट घालून दारापाशी बसतो. जेवत नाही, झोपत नाही. परत शांत व्हायला चार-पाच दिवस जातात. मला आता एकटीला आवरंना."

"मी येऊ नको का, अक्का?"

"नका येऊ," ती म्हणाली. आत त्याला माझा आवाज ऐकू गेला होता. बुटांचं कपाट उघडल्याचा आवाज आला. ती एकदम म्हणाली, "जावा तुम्ही. लौकर जावा."

मी निघाले. जिना उतरेपर्यंत वर आतून दार बडवल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर मी गेले नाही. अधूनमधून फोन करते. "आहे तसंच आहे," ती सांगते. गेल्या वेळी म्हणाली, "मला बीपी निघालंय. डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका."

परवा शाळेत एक नवं जोडपं आलं, मांडीवर चार वर्षांची मुलगी. बापानं विचारलं, "मॅडम, ही काय काय शिकू शकेल?"

मी त्यांना सांगत बसले. जेवण, कपडे, संडास. तिची आई सगळं लक्ष देऊन ऐकत होती. पुढचं तिनं विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.