तिसऱ्यांचे डोहाळे

लेकीला ऑस्ट्रेलियात आठव्या महिन्यात डोहाळे लागले, तेही तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याचे. मी तिच्या बाळंतपणाला गेलेली, जन्माने अर्नाळ्याच्या कोळीवाड्यातली, त्यामुळे हा माझ्या अब्रूचा प्रश्न झाला. शिवाय आमच्यात म्हणतात, डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते. माझ्या वेळी सासूबाईंनी कैऱ्या दिल्या नव्हत्या, आणि ही लेक दोन वर्षांची होईपर्यंत मी दिवसाला आठ लाळेरी धूत होते.

"आई, दुकानात डब्यातल्या मिळतात."

"डब्यातल्या तिसऱ्या कोन खातं, बाय?" मी चिडले की माझी भाषा थेट अर्नाळ्याला जाते.

रविवारी ती मला आणि यांना समुद्रावर घेऊन गेली. मागे हिरव्या टेकड्या, पुढे निळंशार पाणी, आणि पांढरी वाळू इतकी स्वच्छ की चप्पल घालायची लाज वाटावी. माणसं म्हणाल तर आम्ही तिघं आणि लांबवर गळ टाकून उभा असलेला एक म्हातारा. भज्यांची गाडी नाही, घोडागाडी नाही, कोणी कोणावर ओरडत नाही. आमचे हे मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी इकडेतिकडे पाहून विचारलं, "आज बंद आहे का?"

ओहोटी होती. मी ओल्या वाळूत पाय ठेवला आणि टाचेखाली काहीतरी टणक लागलं. पन्नास वर्षं झाली तरी टाच विसरत नाही. मी साडी खोचली, टाचा रोवल्या आणि कंबर डावीउजवीकडे फिरवायला लागले. वाळू सैल झाली की तिसऱ्या आपोआप वर येतात. आल्या! आमच्याकडच्यांपेक्षा दुप्पट मोठ्या. मी पदरात भरायला लागले.

"अगं, तो बघतोय," हे कुजबुजले.

बघत कसला होता, तो म्हातारा गळ ठेवून आला आणि माझ्यासमोर उभा राहून तश्शीच कंबर हलवायला लागला. त्यांच्याकडेही हीच पद्धत! बिनगाण्याचा नाच चालला होता आमचा. यांनी त्याचा व्हिडिओ काढला आणि आजही उमेळ्याच्या आमच्या सोसायटीत येईल त्याला दाखवतात.

तेवढ्यात लेक पोटावर हात ठेवून धापा टाकत आली. "आई, टाक त्या परत! बोर्ड नाही वाचलास? गळाला लावायला चालतात. खायच्या नाहीत, घरी न्यायच्या नाहीत."

बोर्ड मी पाहिला होता. मला वाटलं, कचरा टाकू नका असं असेल.

"एवढ्या दर्यात माझ्या वीस तिसऱ्या कोन बघतंय?"

"आई, आमचे इथे राहायचे कागद अजून व्हायचेत गं." तिचे डोळे भरून आले. मग माझा इलाज संपला. मी पदर त्या म्हाताऱ्याच्या बादलीत रिकामा केला. रडूच येत होतं मला.

त्याने माझीच तिसरी गळाला लावली आणि थोड्या वेळाने एक लांबुळकी चंदेरी मासळी ओढली. मी किंचाळले, "मुडदुशी!" देश कुठलाही असो, तोंड तेच. त्याने मोठ्या मनाने चार दिल्या आणि त्या घरी न्यायला कोणाची हरकत नव्हती.

संध्याकाळी रवा लावून तळल्या. लेकीने चारही संपवल्या, काटे चोखले आणि म्हणाली, "मस्त गं आई. पण तिसऱ्या त्या तिसऱ्याच."

नात आता सात महिन्यांची झाली. ती तिकडे, आम्ही इकडे. व्हिडिओ कॉल लागला की आधी लाळ दिसते, मग नात. लेक म्हणते, दात येताहेत. येऊ देत. लाळ कशाची ते मला माहीत आहे. मी पदराचं टोक घेते आणि मोबाइलवर तिची हनुवटी पुसते.

"अगं, काच कोरडी आहे," हे म्हणतात.

असू दे. मी पुन्हा पुसते.