मोठ्याने वाचायचं पत्र

सीमेवर गोळीबार सुरू झाला आणि नवऱ्याच्या तुकडीला मोबाईल जमा करावे लागले. म्हणून आमच्या घरी पत्रं सुरू झाली. सासूबाईंना अक्षरओळख नाही. आलेलं पत्र त्या आधी देवापुढे ठेवत, मग मी ते मोठ्याने वाचायचं. नवऱ्याचं पत्र सासूसमोर वाचायचं म्हणजे काही ओळी गिळाव्याच लागतात. मी गिळत होते.

तेव्हा खालापूरच्या एका शाळेत मला नोकरी मिळत होती. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. माहेरी आणि सासरी पदवी घेतलेली मी पहिलीच. लग्नानंतर शेवटच्या वर्षाला मला कर्जतच्या कॉलेजात पाठवलं ते सासूबाईंनीच, त्यामुळे त्यांचं मन मोडून मला जायचं नव्हतं. त्या म्हणाल्या होत्या, "त्यो तिकडं लढतोय. त्यानं हो लिवलं तर जा." मी पत्रातून विचारलं.

शनिवारी उत्तर आलं. मी वाचलं, "नोकरी खुशाल घे. आईला सांग, मला आनंदच आहे."

सासूबाईंनी कागद हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "दोनी बाजू भरल्यात गं. आन् तू वाचल्यास चार ओळी? नोकरीचं तेवढं बरं सापडलं तुला!"

 गाळलेलं सांगावं तर लाज, न सांगावं तर नोकरी जाते. तोवर त्यांनी ओट्यावरूनच शेजारच्या किराणा दुकानातल्या चाचींना हाक मारली होती. चाची मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेल्या. चष्मा लावून त्यांनी धडा वाचावा तसं खणखणीत सुरू केलं. नोकरीचं वाक्य आलं, मला हायसं वाटलं. पाठोपाठ पुढचं आलं, "तोफा थांबल्या की इतकं शांत होतं, की तुझं घोरणं आठवतं आणि झोपच लागत नाही."

"या अल्ला!" चाची तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"ह्ये गाळलंस व्हय?" सासूबाईंनी विचारलं.

"लाज वाटली, आई."

"लाज कसली? भिंतीपल्याड मला रोज ऐकू येतंय. अगं, मला वाटलं, त्याला काय झालंय न् तू लपवतेस." त्यांनी डोळे पुसले आणि लगेच आवाज चढवला. "बस, कागद घे. लिव त्याला, बायको आता मास्तरीण हाय. घरचं मी बघते. आन् हितनं फुडं तुजी पत्रं चाची वाचनार हाय. जरा जपून लिव."