उजवीकडून लाल दिसला तर…

जनाभाऊ गेल्याचं कळलं तेव्हा मी राजपुरीच्या खाडीच्या मधोमध होतो. फेरीबोट गच्च भरलेली… खाली पर्यटकांच्या गाड्या, एक वऱ्हाडाची बस, दुचाकींची दाटी, आणि वर बाकांवरची माणसं फोटो काढण्यात दंग. मी सुकाणूवर असताना वंदना, माझी बायको, कधी फोन करत नाही. तिचं नाव दिसलं तसा मी एका हाताने फोन उचलला. "भावोजी गेले हो," एवढंच बोलून तिने फोन ठेवला. ओहोटीचं पाणी बोटीला समुद्राकडे ओढत होतं, वारा बाजूने होता आणि दिघीचा धक्का अजून लांब होता. बोट थांबवून रडायची सोय नसते. फोन खिशात टाकला, नेहमीसारखी बोट धक्क्याला लावली, गाड्या एकेक करून उतरल्या. वऱ्हाडाच्या बसमधून कुणीतरी हात हलवला, मीही हलवला. बोट रिकामी झाली तेव्हा कुठे मी सुकाणू सोडलं आणि खाली बसलो.

जनाभाऊ माझे साडू. वंदनाच्या थोरल्या बहिणीचे, सुलभाताईंचे यजमान. आपल्याकडे साडूंच्या नात्याची चेष्टाच जास्त होते, एकाच घरात फसलेले दोन जावई म्हणून. आम्हीही ती पुष्कळ करून घेतली. पण आम्ही नुसते साडू नव्हतो. ज्या फेरीबोटीवर मी आज सारंग आहे, म्हणजे ती चालवायचा परवाना आणि तिची जबाबदारी ज्याच्याकडे असते तो, त्याच बोटीवर जनाभाऊ आजारी पडेपर्यंत खलाशी होते. वयाने, नात्याने आणि अनुभवाने ते मोठे, पण बोटीवर हुकूम माझा. हे असं उलटं कसं झालं, आणि होऊनही आमच्यात कधी कडवटपणा कसा आला नाही, हे महिनाभर मनात घोळतंय. म्हणून लिहायला बसलो.

मी संतोष, मूळचा रोह्याच्या आतल्या बाजूचा, भातशेतीवाल्या घरातला. समुद्र मी पाहिला तो लग्न ठरल्यावर, सासुरवाडीला आलो तेव्हा. एका कारखान्यात फिटरच्या हाताखाली होतो. कारखाना बंद पडला आणि मी घरी बसलो. काही महिने सगळ्यांनी धीर दिला, मग सगळ्यांनीच विषय टाळायला सुरुवात केली. तेव्हा जनाभाऊ एका सकाळी एसटीने आमच्या गावी आले, चहा प्यायले आणि म्हणाले, बोटीवर एक माणूस पाहिजे, बॅग भर. मला पोहता येत नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, बोटीवर पोहायचं काम नसतं, पडायचं नाही एवढंच काम असतं. पहिल्या दिवशी दोर कसा टाकायचा ते त्यांनी शिकवलं, आणि दोर टाकताना पाय कुठे ठेवायचा नाही ते त्याच्याही आधी. मला उलट्या व्हायच्या तेव्हा ते लोकांच्या आणि माझ्या मध्ये पाठ करून उभे राहायचे, कुणाला दिसू नये म्हणून. राहायला त्यांच्याच घरी, श्रीवर्धनच्या अलीकडे सुपारीच्या वाडीत. पुढे वंदना आणि मुलगीही तिथेच आली.

अशी काही वर्षं गेली. मग आमचे जुने सारंग निवृत्त व्हायला निघाले आणि बोटीच्या मालकांनी सांगितलं की तुमच्यातला कोणी परवान्याची परीक्षा पास झाला तर सुकाणू त्याचं, नाहीतर बाहेरून माणूस आणावा लागेल. ती जागा जनाभाऊंची, यात कुणालाच शंका नव्हती. अर्धं आयुष्य त्यांनी त्या बोटीवर काढलं होतं आणि दिवसाउजेडी सारंगांच्या नजरेखाली बोटही चालवली होती. तरी त्यांनी हट्टाने मलाही परीक्षेला बसवलं. एकट्याने अभ्यास होत नाही, असं कारण दिलं. मला परीक्षा या शब्दाचाच धसका होता. दहावीला तोंडी परीक्षेत माझी दातखीळ बसली होती, आणि ही तर सगळी तोंडीच.

त्या दिवसांतला अभ्यास आठवला की अजून हसू येतं. वाडीच्या खळ्यावर एका बाजूला सुपारी वाळत असायची आणि उरलेल्या जागेत आमची जहाजं फिरायची. जहाजं म्हणजे सुलभाताई आणि वंदना. चालत्या बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्या अंगाला हिरवा, पुढे पांढरा. अंधारात दुसरी बोट दिसत नाही, तिचे दिवे दिसतात, आणि त्यावरूनच ठरवायचं की वाट कुणी द्यायची. उजवीकडून आडव्या येणाऱ्या बोटीचा लाल दिसला तर आपण बाजूला व्हायचं, डावीकडून येणारीचा हिरवा दिसला तर आपण आपल्या वाटेने जायचं. हे डोक्यात बसावं म्हणून गणपतीच्या सजावटीतला लाल-हिरवा जिलेटीन कागद बॅटऱ्यांना गुंडाळून दोघी बहिणी संध्याकाळी खळ्यावर एकमेकींना आडव्या चालायच्या, आणि आम्ही ओरडून सांगायचं की कुणी वळायचं. ताईंना वळायला सांगितलं तर त्या म्हणायच्या, मी थोरली आहे, ती वळेल. जनाभाऊ एकदाही चुकायचे नाहीत. मी चुकायचो.

एका संध्याकाळी वंदनाला सुचलं की आपण दिसतो म्हणून हे ओळखतात. त्या दोघी माडाआड गेल्या आणि नुसती एकेक बॅटरी पुढे धरली. जनाभाऊंनी हिरव्याला लाल म्हटलं. ताई हसल्या, पुरे झाली चेष्टा म्हणाल्या. पुन्हा धरली. त्यांनी लालला हिरवा म्हटलं. मग ते हसले, उठले, आणि चूळ भरायला विहिरीकडे गेले. आम्हीही ते सोडून दिलं. दमलेला माणूस आहे, असं वाटलं.

परीक्षेआधी डोळ्यांचा दाखला लागतो. त्यासाठी आम्ही दोघे अलिबागला एका डॉक्टरांकडे गेलो. लांबची अक्षरं जनाभाऊंनी माझ्याआधी वाचली. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. त्या ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. मी सगळे आकडे सांगितले. जनाभाऊ पानाकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ठिपके हायत." पुढचं पान. "ठिपकेच हायत." डॉक्टरांनी पुस्तक हळूच मिटलं. भले माणूस होते. त्यांनी खुर्ची जवळ घेतली आणि समजावून सांगितलं की काहीजणांना जन्मापासून लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. हा आजार नाही, कमीपणा नाही, पण सारंगाचा दाखला मी देऊ शकत नाही. जनाभाऊंनी एकच विचारलं, लहानपणीसुद्धा असंच असणार काय? डॉक्टर म्हणाले, हो, जन्मल्यापासून.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसले. मी काहीबाही बोलत होतो… दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू, मुंबईला जाऊ. ते ऐकत नव्हते. गाडी चहाला थांबली तेव्हा खाली उतरलो. ग्लास हातात घेऊन ते म्हणाले, "म्हणजे मी बेफिकीर न्हवतो."

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, आणि जे सांगितलं ते मी तोवर कधीच ऐकलं नव्हतं. त्यांचे वडील वाडीत सुपारी उतरवायचे. झाडावर सुपारी पिकली की शेंदरी होते, कच्ची हिरवी असते. जनार्दन दहा-बारा वर्षांचा झाल्यापासून झाडावर चढायचा आणि कच्चे घड खाली पाडायचा. पुन्हा पुन्हा. वडील मारायचे, याचं लक्ष नाही, याला कशाचं काही वाटत नाही म्हणायचे, वाडीत आलेल्यांना दाखवून म्हणायचे. पोराला खरंच वाटायला लागलं की आपल्यातच काहीतरी खोट आहे, बाकीच्यांना जे नुसतं बघून कळतं ते आपल्याला मन लावूनही कळत नाही. शेवटी तो वाडी सोडून बोटीवर गेला. वडील शेवटपर्यंत त्याला बेफिकीर म्हणत गेले. "बाबांना दाखवायला पायजे होतं ते पुस्तक," एवढं बोलून त्यांनी ग्लास ठेवला आणि तोंड फिरवलं. डोळे पुसून परत वळले तेव्हा चेहरा हलका होता. हातचा परवाना गेलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

घरी आल्यावर ताईंना सांगितलं. त्या आधी रडल्या, मग एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, म्हणजे माझ्या डोहाळजेवणाला हिरवी साडी सांगितली होती आणि तुम्ही ती विटकरी आणलीत, ती…? जनाभाऊ म्हणाले, मला ती हिरवीच वाटली गं. किती वर्षांचा राग त्या संध्याकाळी निवळला. ती साडी ताईंनी पेटीतून काढली आणि दुसऱ्या दिवशी नेसल्या.

त्याच दिवशी जनाभाऊ मालकांकडे गेले. डोळ्यांचं त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि यापुढे आपण सुकाणूला हात लावणार नाही हेही सांगितलं. शिवाय, बाहेरचा माणूस आणू नका, संतोष पास होईल तोवर थांबा, अशी गळ घातली. मालक थांबायला तयार झाले. मीच तयार नव्हतो. त्यांच्या जागेवर मी कसा बसू, असं मला होत होतं, आणि खरं सांगायचं तर तोंडी परीक्षेतून सुटायलाही ते बरं कारण होतं. मी नाव काढून घेतो म्हटलं. तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचे रागावले. "माझं न्हाय जमलं ते डोळ्यांमुळं. तुझे डोळे चांगले हायत. तू का घरी बसायचं?" मी नाव काढलं नाही.

मग त्यांनी माझी भीती मोडायला घेतली. चालू इंजिनाशेजारी उभं करून प्रश्न विचारायचे आणि ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा सांगायला लावायचे. एवढ्यावर न थांबता त्यांनी बोटीवरच्या माणसांना कामाला लावलं. रोज टोपल्या घेऊन चढणाऱ्या कोळणी, शाळेचे मास्तर, दूधवाले, सगळ्यांना त्यांनी प्रश्न शिकवून ठेवले. मी गाड्या लावत असताना एखादी मावशी टोपली उतरवता उतरवता विचारायची, "काय रं, उजवीकडनं लाल दिसला तर काय करशील?" उत्तर दिल्याशिवाय वाट सोडायची नाही. धुकं पडलं तर भोंगा कसा वाजवायचा, माणूस पाण्यात पडला तर आधी काय करायचं, आग लागली तर… आख्खी खाडी माझी परीक्षा घेत होती. पहिले काही दिवस लाजेने मेल्यासारखं झालं. मग केव्हातरी माझ्या लक्षात आलं की बोलताना मी आता अडखळत नाही.

परीक्षेच्या दिवशी साहेबांनी पहिला प्रश्न विचारला आणि मी इंजिनावरचा आवाज काढून खणखणीत उत्तर दिलं. शेजारच्या खोलीतला माणूस डोकावला. साहेब म्हणाले, "हळू बोला, इथे इंजिन नाही." मी हसलो, तेही हसले, आणि पुढचं सगळं सोपं गेलं. बाहेर जनाभाऊ पायरीवर बसले होते. माझा आवाज त्यांनी तिथपर्यंत ऐकला होता. निकाल लागायच्या आधीच त्यांनी पेढे घेतले.

माझं घर झालं, मुलगी शिकली, ती सगळी त्या परवान्यावर. पण जनाभाऊंनी त्याचा कधी उल्लेख केला नाही. मी वर सुकाणूवर आणि ते खाली रॅम्पवर, गाड्या आत घेताना हातवारे करत, अशी आमची वर्षं गेली. लोकांसमोर ते मला 'सारंग' म्हणायचे, घरी गेल्यावर 'संत्या'. त्यांचा मान राखायला मला काही वेगळं करावं लागलं नाही, त्यांनीच तो प्रश्न कधी येऊ दिला नाही. हे किती अवघड असतं ते मला आता, ते नसताना, समजतंय. यंदा त्यांचं हृदय अधू झालं, डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. घरी बसूनही ते फोनवरून विचारायचे, आज पाण्याला ओढ होती का? गेले ते दुपारी, जेवून आडवे झाले असताना, कुणाला हाक न मारता.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी सारंग झाल्यापासून संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला, गाड्या लावून झाल्या की जनाभाऊ वर माझ्या केबिनमध्ये यायचे. समोर खाडीत बंदराच्या वाटेवरच्या बोयांचे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचे, दिवे लागलेले असायचे, एखादं मोठं जहाज आत येत असायचं. ते दाराला टेकून विचारायचे, काय काय दिसतंय? मी सांगायचो. डावीकडे बोयावर लाल, पलीकडे हिरवा, जहाजाचा हिरवा दिसतोय, आपण आपल्या वाटेने. ते त्या दिशेला बघायचे. त्यांना तिथे एकाच मातकट रंगाचे ठिपके दिसत असणार, पण माझं बोलणं लावून ते बघायचे आणि सगळं जागच्या जागी आहे अशी खात्री झाल्यासारखं "बरं" म्हणून खाली उतरायचे. एकदा मी गमतीने विचारलं की तुम्हाला दिसत नाही तर रोज विचारता कशाला. ते म्हणाले, "तू सांगतोस तेव्हा दिसतं."

आता केबिनमध्ये मी एकटाच असतो. तरी शेवटच्या फेरीला दिवे दिसायला लागले की तोंडातून शब्द निघतात… डावीकडे लाल, पलीकडे हिरवा, वाट मोकळी. सांगून झालं की मी जरा थांबतो, "बरं" ऐकू येईल एवढा वेळ. मग बोट धक्क्याला लावतो.