चादरी पेठच्या, जकात नाशिकची

सोलापूरच्या व्यापाऱ्याकडून चादरी मागवताना फोनवर पत्ता मी माझ्या नाशिकच्या ऑफिसचा दिला. बिल माझ्याकडे यावं, एवढाच हेतू. पण त्यामुळे पेठजवळच्या एका आश्रमशाळेच्या चादरींचा ट्रक नाशिकच्या जकात नाक्यावर अडकला. जकात म्हणजे शहरात वापरायला किंवा विकायला येणाऱ्या मालावरचा पालिकेचा कर. बिलावर नाशिक, म्हणजे जकात लागू.

नव्वदच्या दशकातला डिसेंबर होता. पेठच्या डोंगरात थंडी कडक, आणि शाळेतली मुलं सतरंजीवर एकमेकांना बिलगून झोपत होती. शाळेकडे जकात भरायला पैसे नव्हते. ड्रायव्हर वैतागला होता.

"लई टाइम गेला साहेब. आता माल हितंच उतरवतो आन जातो."

मी टॅक्स कन्सल्टंट. या शाळेचं काम फुकट करायचो, म्हणून त्यात भाषण जरा जास्त असायचं. इन्स्पेक्टर शेखसाहेबांसमोर उभा राहिलो आणि सुरू झालो.

"साहेब, जकात हा मूळ अरबी शब्द. कमाईतून गरिबांसाठी काढायचा वाटा. फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला आणि वेशीवरची वसुली होऊन बसला. मूळ अर्थ धरला, तर या ट्रकला तुम्हीच काहीतरी द्यायला हवं."

शेखसाहेबांनी बशीत चहा ओतला. "ती जकात मी रमजानमध्ये घरून देतो. ही ऑफिसची. शब्द राहू द्या, नियम बोला."

मी न थांबता 'शुल्क' या संस्कृत शब्दाकडे वळलो. ते ड्रायव्हरकडे वळले.

"माल कुठं उतरवायचा?"

"पेठला. शाळेत."

"नाशकात काय उतरतंय?"

"काय बी नाय."

शेखसाहेबांनी एक फॉर्म माझ्यापुढे सरकवला. माल शहरातून पुढे जाणार असेल, तर जकात लागत नाही. नाक्याचा शिपाई गाडीत बसतो आणि पलीकडच्या नाक्याबाहेर तिला सोडून येतो. याला एस्कॉर्ट म्हणतात. हेच मी इतरांना फी घेऊन सांगायचो.

बिलावरचा पत्ता माझा, माल शाळेचा, असं लिहून सही केली. शिपाई केबिनमध्ये चढला, ट्रक पेठ रोडला लागला. त्या रात्री मुलं चादरी पांघरून झोपली, असा हेडमास्तरांचा फोन आला.

बायकोला सगळं रंगवून सांगितलं, अरबी-फारसीसकट. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पुढच्या वेळी गाडी कुठं चाललीय ते आधी सांगा. अरबस्तानात नंतर जा."