दूध कोणाचं ते सांगा

"शहद नाई म्हन्ता, तं राहू द्या शहद. पन दूध कोनाचं हाये, ते सांगा."

हमीदाबी नवजात कक्षाच्या दारात उभ्या होत्या आणि हलायला तयार नव्हत्या. आतल्या वॉर्मरवर त्यांची नात होती. दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मलेली, वजन जेमतेम तेराशे ग्रॅम. वॉर्मर म्हणजे वरून ऊब देणारा पाळणा. बाळाची आई नसरीन हिचं ब्लडप्रेशर बाळंतपणात चढलं, झटके आले. सिझेरियन करून आम्ही तिला अकोल्याला पाठवलं. तिथल्या नवजात कक्षात त्या दिवशी एकही वॉर्मर रिकामा नव्हता, म्हणून बाळ आमच्याकडेच राहिलं. नवरा इरफान बायकोबरोबर गेला. आजी मागे राहिल्या.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहे. अशा बाळांना दूध पाजणं हे माझ्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. इतक्या लहान बाळाला ओढून पिता येत नाही. नाकातून पोटात एक बारीक नळी घालतात आणि तिच्यातून थोडं थोडं दूध सोडतात. दूध आईचं असलं तर उत्तम. आईचं मिळत नसेल तर दुसऱ्या बाईचं. पावडरचं दूध शेवटी, कारण या वजनाच्या बाळाच्या आतड्याला ते झेपेलच असं नाही. आतडं सुजलं तर बाळ हातचं जातं.

त्यासाठी आमच्याकडे दुधाची छोटी बँक आहे. बँक हा शब्द मोठा वाटतो. प्रत्यक्षात एक खोली, दोन फ्रीज आणि एक पाश्चरायझर. ज्या आयांना आपल्या बाळाला पुरून दूध उरतं, त्यांच्या रक्ताच्या तपासण्या करून ते आम्ही घेतो. पाच-सहा जणींचं एकत्र करतो, ठरावीक उष्णतेवर तापवतो, थंड करून गोठवतो. एकत्र केल्यानं पातळ-घट्ट सारखं होतं. बाटलीवर नंबर असतो, नाव नसतं. देणारीला घेणारी माहीत नाही, घेणारीला देणारी नाही. हा नियम आहे.

मी तो हमीदाबींना समजावून सांगितला.

"पाच बायांचं?" त्या म्हणाल्या. "मंग पाच माया झाल्या. पाचीचे नावं सांगा."

याआधी आमचा मधावरून वाद होऊन गेला होता. त्यांनी छोट्या बाटलीत मध आणला होता, बाळाच्या टाळूला आतून लावायला. मी नाही म्हणालो. मधात एक जंतू असू शकतो, तो मोठ्या माणसाला काही करत नाही, तान्ह्या बाळाला मारू शकतो. त्यांनी ऐकून घेतलं, बाटली पिशवीत ठेवली. मला वाटलं, जिंकलो. दूध हा त्याच्या पुढचा मुद्दा होता, आणि तिथे त्या मागे सरणार नव्हत्या.

मुस्लिम घरांत दुधाचं नातं मानतात. बाळ ज्या बाईचं दूध पितं, ती त्याची दूधमाँ. तिची मुलं त्याची भावंडं, त्यांच्यात पुढे लग्न होत नाही. मला हे माहीत होतं. आमच्या ट्रेनिंगमध्ये ते एका स्लाइडवर होतं. स्लाइडचं शीर्षक 'गैरसमज आणि अडथळे'. त्याच यादीत मध होता, बाळंतिणीचं पहिलं दूध, म्हणजे चीक, फेकून देणं होतं आणि दुधाचं नातंही होतं. मी तिन्ही गोष्टी एकाच मापानं शिकलो आणि पुढे नर्सिंगच्या मुलींना एकाच मापानं शिकवल्या.

म्हणून मी जे करायला नको होतं ते केलं. हुशारी केली.

"आजी, आमच्या बँकेत आत्ता दूध देणाऱ्या सगळ्या बाया हिंदू आहेत. तुमच्या घराशी त्यांची सोयरीक होणारच नाही. मग नाव कशाला पाहिजे?"

वाक्य तोंडातून गेलं आणि कळलं, नाव सोडून मी बाकी सगळं सांगून बसलो होतो. कक्षातल्या वानखडे सिस्टर माझ्याकडे बघत होत्या.

हमीदाबी शांतपणे म्हणाल्या, "सोयरिकीचं मी बोलली का, डाक्टरसाब? लग्नाचं आमी पाहून घेऊ. पन जिचं दूध पेलं, ते माय झाली ना तिची? उद्या पोरगी मोठी झाली अन् इचारलं तिनं, दादी, मले कोनं पाजलं? तं काय सांगू? फ्रीजनं?"

मी आत वॉर्मरकडे वळलो. बाळाला सलाइनवर ठेवलं होतं. सलाइननं पोट भरत नाही आणि रिकामं आतडं पडून राहणंही चांगलं नाही. मी वाद घालत होतो तेवढा वेळ बाळ उपाशी होतं, ही साधी गोष्ट मला उशिरा दिसली.

इरफानला फोन लावला. तो अकोल्याच्या आयसीयूबाहेर होता. "अम्मी बोलते ते करा साहेब, मले काई सुचून नाई राह्यलं," एवढंच म्हणाला.

मग अधीक्षकांना फोन केला. देणारीचं नाव सांगता येईल का, विचारलं.

"डॉक्टर, नियम काय सांगतो?"

"नाव सांगायचं नाही."

"मग मला का विचारताय?"

"आजी दूध घेत नाहीत, सर."

"पावडर द्या."

"या वजनाला आतड्याचा धोका आहे."

"दूध देणारी आणि घेणारी, दोघी स्वतःहून तयार असतील तर काय करायचं, असं नियमात काही लिहिलंय?"

"नाही."

"म्हणजे मनाईही नाही. दोघींना विचारा. कोणावर जोर नको. आणि डॉक्टर, मी तुम्हाला काही सांगितलेलं नाही."

आता एकाच बाईचं, कोणाचंही न मिसळलेलं दूध हवं होतं. आणि तिची नाव सांगायची तयारी हवी होती. माझ्या डोक्यात सविता आली. कामरगावकडची, शेतमजुरी करणारी. सुगी संपली की नवरा-बायको वीटभट्टीवर जातात. तिचा मुलगा आमच्याच कक्षात होता, आता बराच सावरलेला. तिला दूध भरपूर होतं आणि ती रोज उरलेलं देत होती. तिच्या दुधाचं श्रेय मी आमच्या समुपदेशनाला देत असे.

सविता पोराला छातीशी बांधून बसली होती. शेजारी तिची सासू गोदाबाई. मी विचारलं, "एका बाळाला फक्त तुझं दूध द्यायचं आहे. त्या घरच्यांना तुझं नाव पाहिजे. सांगू का?"

सविता काही बोलायच्या आत गोदाबाई म्हणाल्या, "म्हन्जे हे दूध दुसऱ्यायच्या लेकरायले जाते?"

"हो. उरलेलं. सविताला सांगितलं होतं."

"तिले सांगतलं. मले कोनं सांगतलं? दूध माह्या सुनेचं, पन अळीव माहे हायेत. रोज पहाटी उठून खीर करतो मी, डबा घेऊन जीपनं येतो. अन् मले न इचारता वाटून राह्यले तुमी!"

वानखडे सिस्टर तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळल्या. दुधाचं श्रेय माझ्या समुपदेशनाचं नव्हतं, ते तिथेच कळलं.

सविता हळू आवाजात म्हणाली, "साहेब, मी नाई म्हटलं, तं माह्या पोराकडं ध्यान कमी तं नाई होनार ना?"

हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. मी ताबडतोब "नाही, नाही" म्हणालो. पण तिला हा प्रश्न पडला, याचा अर्थ रोज बाटली पुढे करताना तो तिच्या मनात होता. तिचं बाळ माझ्या ताब्यात होतं आणि तिच्याकडे दूध मागणाराही मीच होतो. ती नाही कशी म्हणणार होती? आणि हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"सविता, तू नाही म्हणालीस तर मी दुसरीकडून बघतो. तुझ्या पोराचा यात काही संबंध नाही. आज नको सांगूस, उद्या सांग."

"उद्यापर्यंत त्या लेकरानं काय प्यावं?" ती म्हणाली. मग सासूकडे पाहिलं. "आत्याबाई, द्यू का?"

"कोन्या घरचं हाये ते तं कळू दे," गोदाबाई म्हणाल्या. "आमच्या वस्तीत कामावर गेलेल्या बाईचं लेकरू शेजारीन पाजते. पन ते कोनाचं हाये ते मालूम असते."

आता मला उलट दिशेनं परवानगी हवी होती. पुन्हा दाराशी गेलो. हमीदाबी म्हणाल्या, "सांगा ना. लपवाचं काय हाये? शेलूबाजारचा इरफान गादीवाला म्हना."

परत आलो. सांगितलं.

"इरफान गादीवाला?" गोदाबाई ताठ झाल्या. "बजारात बसते तो? त्यानं माही गादी भरली होती. कापूस कमी भरला मेल्यानं! सहा महिन्यात पापड झाली."

सासूचा नकार येणार, असं मी धरून चाललो. धर्माचाही मुद्दा निघेल, अशी मनाची तयारी केली होती. निघाला कापसाचा. माझ्या पोतडीत त्याला उत्तर नव्हतं.

पण तोवर गोदाबाई उठल्याच होत्या. वॉर्डाबाहेर एकच नळ आहे, सगळे नातेवाईक तिथे डबे धुतात. त्या डबा घेऊन गेल्या. हमीदाबीही तिथे होत्या. माझ्या गुप्ततेच्या नियमानुसार या दोघींनी एकमेकींना ओळखायचं नव्हतं. प्रत्यक्षात त्या कालपासून एकाच नळावर एकमेकींच्या सुनांची चौकशी करत होत्या.

"तुमीच का वं इरफानची माय?"

"हां. काहून?"

"गादी सपाट झाली माही."

हमीदाबींनी डबा खाली ठेवला. "कोनती, निळ्या खोळीची? तुमी उन्हात टाकली नसन. गादीले ऊन लागते, बाई."

"अन् कापूस लागत नाई का?"

मी मध्ये पडणार होतो. सिस्टरांनी माझी बाही धरली. "सर, राहू द्या. भांडताहेत म्हणजे जमतंय."

कापसावरून बोलणं नसरीनवर आलं. तिला अजून शुद्ध नीट आलेली नाही, हे ऐकल्यावर गोदाबाईंनी नळ बंद केला. नंतरचं मला ऐकू आलं नाही. परत आल्या आणि सुनेला म्हणाल्या, "काढ वं दूध. एक लेकरू उपाशी हाये."

सविता माझ्याकडे बघत म्हणाली, "मीच देऊन राह्यली, साहेब. तुमी म्हटलं म्हून नाई."

त्या संध्याकाळी पाश्चरायझरमध्ये एकच छोटी बाटली लावली. यंत्र एका बाटलीसाठी चालवणं नियमात बसतं, परवडत नाही. बाटलीवर पहिल्यांदा नाव लिहिलं. नळीतून दूध सोडलं तेव्हा हमीदाबी गाऊन-टोपी घालून शेजारी होत्या. त्यांनी विचारलं, "सविताच्या पोराचं नाव काय?"

"अजून बारसं नाही झालं. ढबू म्हणतात."

त्या नातीकडे वाकल्या. "ढबूची बहीन झाली तू आता."

पोट फुगलं नाही, उलटी नाही. दुसऱ्या दिवशी प्रमाण वाढवलं. सविता ढबूला पाजून झाल्यावर बाटली भरायची. वजन आधी थोडं उतरलं, मग चढायला लागलं.

नसरीन अकोल्याहून परतली तेव्हा तिचं दूध जवळपास आटलं होतं. बाळाला तिच्या उघड्या छातीवर ठेवणं, पुन्हा पुन्हा लावणं, असं करत ते परत आणावं लागतं. वानखडे सिस्टर तिच्यामागे लागल्या. दूध आलं, पण पुरेसं यायला वेळ गेला. आल्या आल्या तिनं बाळाला हात लावला आणि पहिला प्रश्न सासूला विचारला, "अम्मी, किसका दूध पिलाया?"

हमीदाबींकडे उत्तर होतं. मी दाराजवळ उभा होतो. त्या दिवशी मी माझ्या म्हणण्याप्रमाणे केलं असतं तर ती काय म्हणाली असती, हा विचार मी पूर्ण केला नाही.

सविताला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी इरफान एक छोटी गादी घेऊन आला. ढबूसाठी. लाल फुलाफुलांची खोळ. मी त्याला अडवलं. दुधाच्या बदल्यात देणारीला काहीही द्यायचं नाही, हाही नियम आहे, आणि हा नियम मला अजूनही बरोबर वाटतो. दुधाचा भाव ठरायला लागला की गरीब बाई आपल्या लेकराच्या तोंडचं विकते.

"साहेब, हे बदल्यात नाई," इरफान म्हणाला. "माह्या पोरीले जिनं पाजलं, ते माही बहीन झाली. भाच्याले मामा देते तसं हाये."

"दवाखान्यात चालणार नाही."

"मंग दवाखान्यात कोन देऊन राह्यलं?"

तो गादी खांद्यावर टाकून एसटी स्टँडवर गेला. माझा राउंड संपला होता. मी चहाला म्हणून तिकडे गेलो, हे मान्य करतो. कामरगावच्या गाडीजवळ गोदाबाईंनी गादी मांडीवर घेतली, चारी कोपरे दाबून पाहिले, मधोमध मूठ रोवली.

"या टायमाले बराबर भरला," त्या म्हणाल्या आणि गाडीत चढल्या.

आमच्या फ्रीजमध्ये आता एक वेगळा कप्पा आहे. त्यातल्या बाटल्या एकत्र करत नाही, त्यांच्यावर नाव असतं. बाकीच्यांवर नंबरच. कोणाला काय हवं ते आम्ही आधी विचारतो. दुधासाठी संमती मी घेत नाही. प्रसूती वॉर्डातली सिस्टर घेते, जिच्या ताब्यात कोणाचं आजारी बाळ नसतं. त्यानंतर दूध देणाऱ्या बाया कमी झाल्या. विचारलं की आता काही जणी नाही म्हणतात. ट्रेनिंगच्या स्लाइडवर मी मध आणि चीक तसेच ठेवले आहेत. तिसरी ओळ काढून टाकली आहे. वरून अजून कोणी विचारलेलं नाही.