काकूंच्या अंबाड्यातलं जपानी फूल

काळजी करण्याची स्पर्धा भरली, तर अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या आमच्या शेजारच्या काकू पहिल्या येतील आणि दुसरीला वाईट वाटलं असेल म्हणून आठवडाभर धड जेवणार नाहीत. त्यात समोरच्या हारुकोताईंनी त्यांना जपानी केसपिनांचा नाद लावला आणि काळजीला नवं कुरण मिळालं. लाखेची पिन उन्हात तडकेल का? कासवाच्या पाठीची म्हणतात ती खरंच कासवाची असली, तर पाप कुणाला? हारुकोताईंनी ती प्लॅस्टिकची असल्याचं तीनदा सांगितलं होतं. रेशमी फुलांच्या पिना जपानात महिन्यागणिक बदलतात, हे कळल्यावर तर एप्रिल लागताच सकाळी सातला मला फोन! "अगं, आता चेरीचं फूल लावायचं, पण बाहेर स्नो पडतोय. कुणी ऑफेंड नाही ना होणार?" इथल्या ग्रोसरीच्या दुकानात त्यांच्या अंबाड्यावरून ऑफेंड होणारं कोण होतं, देव जाणे.

मग हारुकोताईंच्या नवऱ्याची जपानला बदली झाली. जाण्याआधी त्यांनी स्वतः एक पिन करून दिली. रेशमाचे नखाएवढे तुकडे दुमडून केलेला जांभळ्या फुलांचा घोस! काकूंकडच्या निरोपाच्या जेवणाला तो माळायचा होता. तो नीट राहावा म्हणून काकूंनी आदल्या दिवशी गजऱ्यासारखा ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवला. पाकळ्या भाताच्या खळीने चिकटवलेल्या. सकाळी फडक्यात नुसत्या जांभळ्या चिंध्या.

"सुकेल असं वाटलं गं!" काकू रडायलाच लागल्या. "काय तोंड दाखवू तिला? जेवण कॅन्सल करू या का?"

तेवढ्यात हारुकोताई आल्याच. काकूंनी मान खाली घालून चिंध्यांची ताटली पुढे केली. "फ्रिज?" हारुकोताईंनी विचारलं, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग घरची बांधाबांध तशीच टाकून त्यांनी चिंध्या इस्त्रीने वाळवल्या, कुकरमधला भात घोटला आणि भुवयांच्या चिमट्याने दुपारभर एकेक पाकळी बसवली. काकू इंग्रजीत माफी मागत होत्या, त्या जपानीत समजूत घालत होत्या.

समोर आता दुसरं कुटुंब राहतं. घोसाची एक पाकळी परवा निखळली, म्हणून मी वाटीत खळ करून नेली. काकूंनी अंबाड्यावर हात ठेवला. "नको गं. हारुको आली की बसवेल."

ती आता यायची नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. वाटी घेऊन मी तशीच घरी परतले.