रुकय्याबाईंची अर्धी गोष्ट

पहिल्याच भेटीत रुकय्याबाईंनी मला त्यांच्या अबायाची बाही फाडायला लावली.

कुवेतमधल्या भारतीय शाळेत भौतिकशास्त्र शिकवायला मी लातूरहून नुकती आले होते. अकरावीच्या वर्गासमोरून जात असताना आतून एक ठेंगणी, चष्मेवाली बाई लगबगीनं बाहेर आली. "नवीन ना तुम्ही? या आत. मला एक मारेकरी पाहिजे." मला काही कळायच्या आत तिनं माझ्या हातात लाकडी पट्टी दिली. "हा खंजीर. मी राजा. माझी बाही घट्ट धरायची आणि मारायला यायचं. लाजू नका, पोरांना खरं वाटलं पाहिजे."

मी त्या पायघोळ काळ्या झग्याची बाही धरली. राजानं हिसका दिला आणि टर्रकन अख्खी बाही माझ्या हातात आली. पहिल्या आठवड्यात सिनिअर टीचरचे कपडे फाडले! पण वर्ग टाळ्या वाजवत होता आणि बाई खोलीच्या मधल्या खांबाभोवती धावत ओरडत होत्या, "अहो, या ना मागे! राजा पळतोय!"

नंतर स्टाफरूममध्ये त्या ती बाही पुन्हा टाचत बसल्या. "कच्ची टीप असते," त्या डोळे मिचकावत म्हणाल्या. "दरवर्षी ह्या धड्यासाठी हाच अबाया."

धडा अभ्यासक्रमात नव्हताच. दाभोळ खाडीकाठच्या या मुलीनं मुंबईत इतिहासात एम. ए. केलं होतं, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या चीननं तिला जे धरलं ते सोडलं नव्हतं. तेव्हा तिथं सात राज्यं होती. पश्चिमेचं छिन राज्य एकेका शेजाऱ्याला गिळत चाललं होतं. उत्तरेच्या लहानशा यान राज्याच्या युवराजाकडे ना फौज उरली, ना वेळ. त्यानं एका माणसाला छिनच्या राजाला मारायला पाठवलं. रिकाम्या हातांनी गेलं तर दरबारात कोण घेणार? छिनमधून पळून यानमध्ये आसऱ्याला आलेला एक सेनापती होता. छिनच्या राजाला त्याचं डोकं हवं होतं. सेनापतीनं आपणहून मान कापून दिली. दुसरी भेट म्हणून यानच्या सुपीक मुलखाचा नकाशा, आणि त्या नकाशाच्या गुंडाळीत विषारी खंजीर. दरबारात नकाशा उलगडत गेला, शेवटी खंजीर दिसला, मारेकऱ्यानं राजाची बाही पकडली आणि बाही फाटली. राजा खांबाभोवती पळत सुटला. कमरेची तलवार इतकी लांब की म्यानातून निघेना. दरबाऱ्यांकडे हत्यारं नव्हती, शेवटी राजवैद्यानं औषधांची थैलीच मारेकऱ्याला फेकून मारली. तेवढ्या सवडीत तलवार निघाली आणि मारेकरी संपला.

"एका शिंप्यानं बाही जरा पक्की शिवली असती," बाई मुलांना म्हणत, "तर चीनचा इतिहास बदलला असता." इथे घंटा व्हायची. ती कधी व्हावी हेही त्यांना नेमकं ठाऊक असायचं.

बाईंना स्टाफरूममध्ये सगळे वचकून असत, पण रागावतात म्हणून नव्हे. त्या फक्त "मंगे?" विचारत. आमच्याकडे "मग?" म्हणतात, तसं त्यांच्याकडे "मंगे?" कुणी चिडून म्हणायचं, "मी आज राजीनामा फेकते!" बाई चहात बिस्कीट बुडवत विचारायच्या, "मंगे?" "मग गावी जाईन." "मंगे?" तिसऱ्या मंगेला माणसाचा राग उतरलेला असायचा, नाहीतर तो खोलीतून निघून गेलेला असायचा. नवरा शुऐबाच्या बंदरात नोकरीला होता, तो वारल्यावर त्या एकट्याच राहत. मुलगा इंग्लंडला. तो फोनवर इंग्रजीत बोले, या कोकणीत उत्तर देत, आणि दोघांचंही समाधान होई. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्या न विचारता घेत आणि बदल्यात तळलेल्या बोंबलांचा वास माझ्या डब्याला लावून देत. शाळेतून घरी आम्ही त्यांच्याच जुन्या गाडीनं जायचो. मी पुढे, मागे साळवे.

साळवे गणिताचा. नाशिककडचा, तिशीतला, अबोल. बाईंच्या गोष्टी मात्र तोंड उघडं टाकून ऐकायचा.

त्या वर्षी नवे व्हाइस प्रिन्सिपल आले. आम्ही त्यांना व्हीपीच म्हणायचो. उंच, कोरडा माणूस, नमस्काराला मानसुद्धा न हलवणारा. एप्रिलमध्ये त्यांनी साळवेला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की वरच्या वर्गांचा एक शिक्षक कमी करायचा आहे, तुम्ही सगळ्यांत नवीन, तुमचं कॉन्ट्रॅक्ट जूनच्या पुढे नाही. नोकरी गेली की इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, जाणार, त्याचा आणि त्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोचाही. तिला सातवा महिना होता आणि डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही सांगितलं होतं. साळवेनं हे सांगितलं तेव्हा व्हीपी म्हणाले होते, "दॅट इज अ पर्सनल मॅटर."

साळवे तीनदा त्यांच्या दाराशी गेला, तीनदा शिपायानं त्याला परत पाठवलं. नंतर तो कुणाशी बोलेनासा झाला.

त्यानंतर एका दुपारी आम्ही नेहमीसारखे निघालो. बाहेर भट्टी पेटलेली. साळवेच्या मांडीवर चार्ट पेपरची जाड गुंडाळी होती. ती त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. सिग्नलला बाईंनी आरशात पाहिलं.

"काय रे, कसला चार्ट?"

"काही नाही बाई. आलेख."

"आलेखाला इतकं कवटाळतात?"

तो एकदम फुटला. "बाई, त्यात बाटली आहे. दारूची. अर्दियाच्या गोदामांकडे एक माणूस देतो. उद्या व्हीपीच्या गाडीत ठेवणार. पोलिसांना फोन करणार. जेलमध्ये जाईल, डिपोर्ट होईल. मला दुसरा रस्ता राहिलेला नाही."

या देशात दारू नुसती जवळ सापडली तरी काय होतं, हे आम्हाला सांगायला नको होतं. बाई काही बोलायच्या आत सिग्नल सुटला, गाडी वळली, आणि समोर नाका. दोन पोलीस एकेक गाडी थांबवून इकामा बघत होते. मागे वळायला जागा नव्हती.

"दोघंही तोंडं सरळ करा," बाई म्हणाल्या. "साळवे, गुंडाळी वर धर. लपवलीस की मेलास."

पोलीस खिडकीशी आला. कोवळा होता. बाईंनी कार्ड दिलं आणि त्यांच्या त्या घरगुती अरबीत त्याला झापलं की डोक्यावर टोपी नाही, एवढ्या उन्हात आई तुला असं पाठवते का. तो हसला. मागे बघून त्यानं विचारलं, हे काय?

"मुदर्रिस आहे," म्हणजे मास्तर, बाई म्हणाल्या. "गणिताचा. तुला गणित आवडायचं?"

"ला, ला!" नाही नाही म्हणत त्यानं हात झटकले आणि जा म्हटलं.

पुढे रिकाम्या वाळूच्या मैदानाशी बाईंनी गाडी उभी केली. त्या उतरल्या, साळवेच्या हातातून गुंडाळी घेतली, बाटली काढून वाळूत ओतली, आणि रिकामी बाटली रस्त्याकडेच्या कचराकुंडीत टाकून आल्या. साळवे गाडीतच रडत होता.

"ही अक्कल तुला माझ्या गोष्टीनं दिली?" त्यांनी विचारलं. "नकाशाची?"

त्यानं होकाराची मान हलवली.

त्या सीटवर बसल्या, दार लावलं. "चूक माझी हाय," त्या म्हणाल्या. "मी दरवर्षी निम्मीच गोष्ट सांगते. पोरांना खांबाभोवतीची पळापळ आवडते म्हणून. पुढचं ऐक. राजा वाचला, आणि पिसाळला. त्यानं सगळी फौज यानवर घातली. राजधानी पडली. युवराजाचा बाप, यानचा म्हातारा राजा, घाबरला. त्यानं शत्रूला शांत करायला पोटच्या पोराचं डोकं कापून पाठवलं. तरी छिन थांबलं नाही. चार-पाच वर्षांत यानचं नावही उरलं नाही."

"राजा मेला असता तर?" साळवेनं विचारलं.

"मंगे? त्याची फौज मेली असती? तिची भूक मेली असती?" मग त्यांचा आवाज खाली आला. "इराकी फौजा इथं आल्या तेव्हा मी नवी नवरी होते. आम्ही दस्मानला एका कुवेती घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. मालकाचा मुलगा पाणीखात्यात कारकून. तुझ्याएवढा. मला 'उख्ती' म्हणायचा, बहीण. चौकीवरच्या इराकी अधिकाऱ्यानं त्याच्या मित्राला सगळ्यांसमोर ठार मारलं होतं. एक दिवस ह्यानं त्या अधिकाऱ्यावर गोळी झाडली. मारलं त्याला. संध्याकाळी ते गल्लीत आले. म्हातारा बाप दारात उभा राहिला आणि म्हणाला, मी मारलं. मी वरच्या खिडकीतून बघत होते. पोरगा आतून धावत आला, म्हणाला, बाप खोटं बोलतोय, मी मारलं. दोघांनाही नेलं. परत कोण येतंय! दुसऱ्या दिवशी चौकीवर नवा अधिकारी बसलेला. खुर्ची तीच."

साळवेनं हळूच विचारलं, "म्हणजे तो चुकला?"

"नाय," बाई चटकन म्हणाल्या. "तसं मी कधी म्हणणार नाय. माझं घर नव्हतं गेलं, त्याचं गेलं होतं. सगळी दारं बंद झाल्यावर माणूस खंजीरच धरणार. पण तुझी सगळी दारं अजून बंद झालेली नाहीत रे बाबा. तू एकच दार वाजवलंस आणि तिथं शिपाई होता. मला एक दिवस दे."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपाई नको नको म्हणत असताना त्या व्हीपींच्या केबिनमध्ये शिरल्या आणि दार आतून लावून घेतलं. घंटा झाली तरी बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखा होता. "विद्या, चटणी उरलीय का?" त्यांनी विचारलं.

काय झालं ते आम्हाला आठवड्यानं कळलं, साळवेच्या हातात नवं कॉन्ट्रॅक्ट आलं तेव्हा. बाईंनी स्वतःचा राजीनामा दिला होता. एक शिक्षक कमी करायचाय ना, मग जुनीच कमी करा, माझा पगारही मोठा, असं त्यांनी व्हीपींना सांगितलं होतं. साळवे त्यांच्या पायाशी वाकायला गेला तर त्या मागे सरकल्या. "ए, नाटक नको. मी डोकं नाय दिलं कापून, खुर्ची दिलीय. दोन वर्षांनी तशीही सोडायचीच होती."

मी मात्र चिडले होते. "त्या माणसाला काहीच वाटलं नाही का? तुमच्यासारख्या बाईला जाऊ दिलं!"

"वाटलं ना. पाणी प्यायले दोनदा," बाई म्हणाल्या. "त्यांना वरून नाव पाठवायला सांगितलं होतं. नाव नाही दिलं तर त्यांचंच जाणार होतं. दोन मुली कॉलेजात आहेत. मी विचारलं म्हणून सांगितलं. इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं म्हणे."

जूनमध्ये बाई गेल्या. साळवेला मुलगी झाली होती. विमानतळावर त्यानं ते कपड्यात गुंडाळलेलं बाळ बाईंच्या हातात दिलं, आणि बाईंनी त्याची इवली मूठ आपल्या गालाला लावली. सिक्युरिटीच्या रांगेतून त्यांनी फक्त दोनदा मागे वळून पाहिलं.

पुढच्या वर्षी व्यवस्थापनानं व्हीपींनाही काढलं. स्टाफरूममध्ये कुणीतरी पेढे वाटले. मी ही बातमी बाईंना फोनवर सांगितली, खरं सांगायचं तर खुशीतच. पलीकडून खाडीवरच्या वाऱ्याचा आवाज येत होता. त्यांना बरं नव्हतं, धाप लागत होती.

"कधी चाललेत?" त्यांनी विचारलं.

"शुक्रवारी."

"मंगे त्यांचं जेवणाचं काय? बायको-मुली आधीच गेल्या असतील. भांडी बांधली असतील. सामान बांधताना माणूस जेवत नाय, विद्या. साळवेला घेऊन जा आणि जेवण घेऊन जा. साळवेला म्हणावं, मी सांगितलंय."

साळवेनं ऐकून घेतलं, समोरची वही मिटली आणि म्हणाला, "त्यांना तिखट चालतं का?"

गुरुवारी संध्याकाळी आम्ही गेलो. साळवेच्या बायकोनं कोंबडीचं कालवण आणि भाकरी केली होती, मी भात. दार उघडल्यावर व्हीपी आम्हाला बघतच राहिले. खोलीत खोकी, आणि एक खुर्ची. "तुम्ही?" ते साळवेला इंग्रजीत म्हणाले. "तुम्ही याल असं मला कधी वाटलं नसतं."

"मॅडमनी पाठवलं," साळवे म्हणाला. त्या बाटलीबद्दल तो काही बोलला नाही, मीही नाही. आम्ही खोक्यांवर वर्तमानपत्र पसरलं आणि तिघं जमिनीवर बसलो. व्हीपींनी पहिला घास घेतला आणि मान खाली घातली. साळवेनं न विचारता त्यांच्या ताटात आणखी कालवण वाढलं.

घरी येऊन मी बाईंना फोन लावला. त्या वाटच बघत होत्या.

"जेवले?"

"जेवले, बाई."

"पोटभर?"

"दोनदा घेतलं. साळवेनं वाढलं."

"साळवेनं?" पलीकडे त्या थांबल्या. धाप लागली असेल, किंवा रडू आलं असेल, मला कळलं नाही. "बरं झालं गो," त्या म्हणाल्या. "आता झोप जा. मला पण झोप येईल."

तो आमचा शेवटचा फोन. पंधरवड्यानं त्यांच्या मुलाचा मेसेज आला, इंग्रजीत, दोन ओळींचा. मी तो साळवेला दाखवला. त्यानं वाचला, फोन मला परत दिला, आणि पुढच्या तासाची घंटा झाली होती तरी आम्ही दोघंही जागेवरून उठलो नाही.